दुसऱ्या यंत्राची साक्ष

१७ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एका विद्यापीठाच्या संगणकाने तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधून काढली. दोनचा ७,४२,०७,२८१ वा घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा. ही संख्या लिहून काढायची तर २ कोटी २३ लाख ३८ हजार ६१८ अंक लागतात. संगणकाने शिरस्त्याप्रमाणे निकाल सर्व्हरला कळवला, सर्व्हरने तो नोंदवून घेतला. अशी संख्या सापडली की सर्व्हरने माणसांना ईमेल धाडायचा असतो. एका बिघाडापायी तो ईमेल गेलाच नाही. पावणेचार महिने ती संख्या नोंदींच्या ढिगात पडून होती. ७ जानेवारी २०१६ रोजी नेहमीची देखभाल चालू असताना ती कुणाच्या तरी नजरेस पडली. शोधाची अधिकृत तारीख म्हणून आज हीच दुसरी तारीख दिली जाते, कारण माणसाने पाहिल्याशिवाय शोध लागला असं धरत नाहीत.

हा शोध ज्या प्रकल्पातून लागला त्याचं नाव जिम्प्स. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी तो सुरू केला. जगभरातले हौशी लोक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ त्याला देतात आणि अशाच, मर्सेन जातीच्या मूळ संख्या शोधतात. महासंगणक परवडत नसेल तर हजारो घरगुती संगणकांना थोडं थोडं काम वाटून द्यायचं, ही यामागची कल्पना. विज्ञानात ती आता चांगली रुळली आहे.

त्याच आठवड्यात, तीनच दिवस आधी, १४ सप्टेंबरला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. त्या बातमीत महाराष्ट्राला आपला माणूस दिसला तो पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांच्या रूपाने. लहरीचा अपेक्षित आकार आधीच गणिताने काढून ठेवायचा आणि गोंगाटाने भरलेल्या नोंदींवर तो सरकवत न्यायचा, या पद्धतीवर धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा निबंध १९९१ सालचा आहे. त्या वेळी लायगोची वेधशाळा उभीही नव्हती. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहायची आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला.

लायगोच्या नोंदी तपासायच्या कामातला एक वाटा घरोघरच्या संगणकांकडे आहे, आणि त्यात भाग घ्यायला आयुकाचं ओळखपत्र लागत नाही. एक संगणक, वीज आणि इंटरनेट असलं की अंबरनाथच्या बुवापाड्यातूनही तो घेता येतो. शोध लागला की बातमी होते. या लेखाचा विषय मात्र बातमी न होणारी बाजू आहे: घरी आलेलं काम मध्येच बंद पडतं, पडद्यावर ‘कॉम्प्युटेशन एरर’ असं लाल अक्षरांत उमटतं, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं, ते कसं शोधायचं आणि त्याचं विज्ञानाला काय.

काम घरी येतं ते असं

लोकांना या प्रकाराची चटक लावली ती सेटी ॲट होमने. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारातून हा प्रकल्प सुरू झाला. प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींमध्ये परग्रहावरच्या कुणाची हाक आहे का, हे घरगुती संगणकांकडून तपासून घ्यायचं. पुढच्या वीस वर्षांत पन्नास लाखांहून जास्त लोक त्यात आले. त्यातूनच डेव्हिड अँडरसन यांनी २००२ पासून बॉइंक नावाचं सामायिक सॉफ्टवेअर घडवलं. प्रत्येक प्रकल्पाने आपापली वितरण व्यवस्था नव्याने बांधायची गरज संपली. ऑक्सफर्डचा हवामानाचा प्रकल्प, सर्नचा लार्ज हेड्रॉन कोलायडरचा प्रकल्प, आयबीएमने २००४ मध्ये सुरू केलेलं वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड आणि १९ फेब्रुवारी २००५ रोजी सुरू झालेलं, लायगोच्या नोंदी चाळणारं आइनस्टाइन ॲट होम, हे सगळे बॉइंकवरच चालतात.

बुवापाड्यातल्या एखाद्या घरी जुना असेंबल्ड पीसी आहे आणि त्यावर बॉइंक टाकलंय, असं धरून चालू. बॉइंक सर्व्हरकडे काम मागतं. सर्व्हर त्याला एक ‘टास्क’ देतो. त्यात गणित करणारा प्रोग्रॅम, माहितीच्या फायली, हे काम किती तारखेच्या आत परत करायचं ती मुदत आणि काही मर्यादा असतात: इतकी मेमरी, इतकी डिस्क, फार तर इतका वेळ. प्रत्येक टास्कला आपला असा एक फोल्डर मिळतो, त्याला ‘स्लॉट’ म्हणतात. गणित चालू असताना प्रोग्रॅम ठरावीक वेळाने आपण कुठवर आलो याची नोंद डिस्कवर करतो. हा ‘चेकपॉइंट’. लाइट गेली आणि परत आली तर काम शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे सुरू होतं.

इथे एक मेख आहे. तोच टास्क सर्व्हरने दुसऱ्याही कुणाला दिलेला असतो. ती दुसरी व्यक्ती पोलंडमध्ये असेल, ब्राझीलमध्ये असेल, नाहीतर नाशिकमध्ये. दोघांचे निकाल आले की ‘व्हॅलिडेटर’ नावाचा प्रोग्रॅम ते ताडून पाहतो. जुळले तर दोघांचाही निकाल ग्राह्य. नाही जुळले तर तिसऱ्याला तेच काम दिलं जातं आणि बहुमत कुणाकडे जातं ते पाहिलं जातं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आसपास वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही: भाग ज्याने केला त्याने तो पास करायचा नसतो, गेज दुसऱ्याच्या हातात असतो.

सगळेच प्रकल्प प्रत्येक टास्क दोनदा करून घेत नाहीत. काही जण ज्या संगणकाने बराच काळ बिनचूक निकाल दिले आहेत त्याच्यावर भरवसा टाकतात आणि अधूनमधून तपासणी करतात. मूळ तत्त्व मात्र कुठेच सुटत नाही: कोणत्याही एका यंत्राचा शब्द अखेरचा धरायचा नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये आइनस्टाइन ॲट होमने पहिला पल्सार सापडल्याचं जाहीर केलं. नाव पीएसआर जे२००७+२७२२. सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा हा मेलेला तारा अरेसिबोच्या २००७ सालच्या नोंदींत दडलेला होता. श्रेय गेलं ते आयोवातल्या एम्स गावचे क्रिस आणि हेलन कोल्विन आणि जर्मनीतल्या माइन्झचे डॅनियल गेबहार्ट यांच्या संगणकांना. दोन देशांतली दोन ठिकाणं एका शोधात आली, कारण एकच काम दोघांकडे गेलं होतं आणि दोघांचं उत्तर जुळलं होतं. साक्षीदारालाही शोधक मानणारी ही विज्ञानातली विरळी जागा.

एरर वाचायचा कसा

बॉइंकमध्ये टास्क बिघडला की घाबरून लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे सगळं काढून पुन्हा टाकणं. त्याने काही वेळा काम भागतंही, पण कारण कधीच कळत नाही आणि हातात असलेले चांगले टास्कही जातात. त्याआधी दोन ठिकाणी बघायचं. एक, बॉइंकच्या खिडकीतला इव्हेंट लॉग. दुसरं, प्रकल्पाच्या सर्व्हरवर आपल्या खात्यात त्या टास्कचं पान असतं, तिथे प्रोग्रॅमने मरताना लिहिलेला मजकूर जसाच्या तसा मिळतो. सोबत एक आकडा असतो, त्याला ‘एक्झिट स्टेटस’ म्हणतात.

हे आकडे पहिल्यांदा पाहताना भयंकर वाटतात, पण त्यांचा अर्थ सरळ असतो. १९६ म्हणजे टास्कने ठरवून दिल्यापेक्षा जास्त डिस्क खाल्ली. १९७ म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा फार जास्त वेळ लागला, म्हणून बॉइंकनेच त्याला थांबवलं. १९८ म्हणजे मेमरीची मर्यादा ओलांडली. २०३ आला तर कुणीतरी स्वतःच्या हाताने टास्क रद्द केलाय. घरात लहान मुलं असतील तर पुढचा तपास घरातच करावा. आणि उणे १०७३७४१८१९ असा लांबलचक आकडा दिसला तर विंडोज सांगतंय की प्रोग्रॅमने मेमरीतल्या अशा जागी हात घातला जिथे त्याला परवानगी नव्हती.

एक संदेश असा आहे की त्याच्यावरून नवखे हमखास गोंधळतात. इव्हेंट लॉगमध्ये ओळ येते: टास्क शून्य स्टेटस देऊन बाहेर पडला, पण ‘फिनिश्ड’ फाइल सापडली नाही. खाली सल्लाही असतो की असं वारंवार होत असेल तर प्रकल्प रीसेट करावा लागेल. शून्य म्हणजे सगळं आलबेल, मग फाइल का नाही? गोष्ट अशी की बॉइंक आणि गणित करणारा प्रोग्रॅम हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. बॉइंक सतत त्याला ‘मी आहे’ असा इशारा देत राहतं. तीस सेकंद इशारा आला नाही तर प्रोग्रॅम समजतो की मालक गेला, आणि निमूट बाहेर पडतो. डिस्क अगदी गुंतलेली असली, अँटिव्हायरसची तपासणी जोरात चालू असली किंवा संगणकाचं घड्याळ अचानक पुढेमागे झालं की हा इशारा चुकतो. बहुतेक वेळा टास्क चेकपॉइंटपासून परत सुरू होतो आणि नीट पुरा होतो. म्हणजे एखाद्या वेळी ही ओळ दिसली तर काहीच करायचं नाही. तासाला चार वेळा दिसत असेल तर डिस्क आणि अँटिव्हायरस बघायचा. बॉइंकचा डेटा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळला की अनेकांची तक्रार तिथेच मिटते.

यानंतरचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि तो स्वतःच्या संगणकाकडे बघून सुटत नाही. त्याच टास्कच्या पानावर जोडीदाराचं काय झालं तेही दिसतं. जोडीदाराचा टास्क सुरळीत पुरा झाला आणि आपलाच पडला, तर संशय आपल्या यंत्रावर किंवा आपल्या खोलीवर. त्याचाही पडला, तिसऱ्याचाही पडला, तर दोष कामातच आहे. ठरावीक संख्येने टास्क पडले की सर्व्हर स्वतःच त्यावर ‘चुका फार झाल्या, प्रोग्रॅममध्ये बग असू शकतो’ असा शेरा मारतो आणि ते काम पुढे कुणाला देत नाही. आणि आपला टास्क पुरा होऊनही ‘अग्राह्य’ ठरला, तर तो सगळ्यांत गंभीर प्रकार. यंत्र पडलं नाही, कुरकुरलंही नाही, पण उत्तर चुकीचं दिलं.

यंत्र, वीज आणि मे महिना

आपल्याकडच्या चुकांची पहिली जागा उष्णता. बॉइंक प्रोसेसरला दिवसभर पूर्ण ताकदीने राबवतं. ईमेल आणि सिनेमे पाहण्यापुरता वापरलेला संगणक वर्षानुवर्षं कधी इतका तापलेला नसतो. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या छपराखाली तर विचारूच नका. प्रोसेसर तापला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. मग टास्क रेंगाळतो, आणि क्वचित १९७ चा आकडा घेऊन मरतो. मेमरी किंवा ग्राफिक्स कार्ड तापलं तर उत्तरातच गडबड होऊ शकते. इलाज जुनेच आहेत. डबा उघडून ब्लोअरने धूळ काढायची, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, डबा भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवायचा. बॉइंकच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या किती टक्के कोअर वापरायच्या ते ठरवता येतं. उन्हाळ्यात चारपैकी दोनच चालू ठेवल्या तरी विज्ञानाचं काही अडत नाही.

दुसरी जागा मेमरी. जुन्या पीसीची रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हाताने घासायचं, पुन्हा खटकन बसवायची, हा दुरुस्तीवाल्यांचा पहिला उपाय. लोक त्याला हसतात, पण दमट हवेत संपर्काच्या जागी मळ धरतो आणि बिट उलटतात ही खरी गोष्ट आहे. त्याने भागलं नाही तर मेमटेस्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम रात्रभर चालवायचा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती पट्टी बाद. प्राइम९५ हा जिम्प्सचा प्रोग्रॅम तर ‘टॉर्चर टेस्ट’साठीच प्रसिद्ध आहे. उत्तर आधीच माहीत असलेली गणितं तो यंत्राकडून करून घेतो आणि एका अंकाचा फरक पडला तरी थांबतो. ज्यांना मूळ संख्यांशी काही देणंघेणं नाही असे गेमिंगवालेही नवं यंत्र जोडलं की आधी हीच परीक्षा घेतात.

तिसरी जागा वीज. महावितरणची लाइट जाणं-येणं, व्होल्टेजचे हेलकावे, स्वस्तातला एसएमपीएस. पूर्ण भार आला की कमकुवत एसएमपीएस मान टाकतो आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. बॉइंकची चूक समजून लोक ते काढून टाकतात, खरी चूक डब्याच्या मागच्या कोपऱ्यात असते. लाइट अचानक गेली आणि नेमक्या त्या क्षणी चेकपॉइंट लिहिला जात होता, तर ती फाइल अर्धवट राहते. यूपीएस असेल तर हा धोका जवळजवळ संपतो.

विजेशीच जोडलेली आणखी एक फसवी चूक आहे. जुन्या मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपला की लाइट गेल्यावर संगणकाचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग काम डाउनलोडच होत नाही, सुरक्षित जोडणी नाकारली जाते. लोक राउटर बदलतात, इंटरनेटवाल्याशी भांडतात. सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र अमुक तारखेपासून वैध असतं आणि आपला संगणक त्याआधीच्या तारखेत जगत असतो, एवढीच ती भानगड. नवा सेल टाकला, तारीख लावली, काम सुरू.

ग्राफिक्स कार्डावर काम घेणाऱ्यांचा छळ वेगळा. विंडोज अपडेटने परस्पर ड्रायव्हर बदलला आणि त्यात गणिताला लागणारा ओपनसीएलचा भागच नसला, तर रातोरात सगळे टास्क काही सेकंदांत पडू लागतात. शिवाय ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू करतं आणि चालू गणित जागच्या जागी संपतं. उपाय एकच: कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर स्वतः उतरवून टाकायचा. सर्नच्या काही कामांना व्हर्च्युअलबॉक्स लागतो. तो चालत नसेल तर बहुधा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा खटका बंद असतो.

एक व्यवस्था मात्र मुद्दाम सांगायला हवी. एखादं यंत्र लागोपाठ टास्क पाडू लागलं की सर्व्हर त्याचा रोजचा कोटा कमी कमी करत नेतो. ही शिक्षा वाटते, पण ती बाकीच्यांची सोय आहे. नाहीतर बिघडलेला एक संगणक एका रात्रीत शेकडो कामं उधळून टाकेल. टास्क नीट पुरे होऊ लागले की कोटा आपोआप पूर्ववत होतो.

दोष तिकडचा असतो तेव्हा

सगळा दोष आपल्या खोलीवर घ्यायचं कारण नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये बीबीसी आणि ऑक्सफर्डच्या क्लायमेटप्रेडिक्शन प्रकल्पाने एक मोठा प्रयोग काढला. प्रत्येक स्वयंसेवकाच्या संगणकावर १९२० ते २०८० अशी पृथ्वीच्या हवामानाची एकशे साठ वर्षं चालवायची. एकेक काम महिनोन् महिने चालायचं. एप्रिलमध्ये लक्षात आलं की ही प्रतिपृथ्वी फार लवकर तापतेय. कारण निघालं ते माहितीच्या एका फाइलमध्ये. माणसाने हवेत सोडलेल्या सल्फेटचे कण सूर्यप्रकाश अडवतात आणि थोडी सावली धरतात. तो परिणाम गणितात नीट येतच नव्हता. कुठल्याही संगणकाने एरर दिला नव्हता. सगळे टास्क व्यवस्थित चालले होते आणि सगळे एकाच दिशेने चुकत होते. प्रकल्पाने जाहीर कबुली दिली आणि लोकांना १९२० पासून पुन्हा सुरुवात करायला सांगितलं. झालेलं काम वाया गेलं नाही, सल्फेटची सावली नसती तर काय झालं असतं याचा तो नमुना ठरला; पण जे शोधायचं होतं ते ते नव्हतं.

इथे दोन यंत्रांची साक्ष कामाला येत नाही, हेही या प्रसंगाने दाखवलं. दोघांना एकच चुकीची फाइल दिली तर दोघांचं उत्तर छान जुळतं.

मार्च २०२० मध्ये उलट प्रकार झाला. करोनाच्या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या फोल्डिंग ॲट होमकडे (हा प्रकल्प बॉइंकवर चालत नाही) इतके लोक धावले की त्याची एकत्रित ताकद एक एक्झाफ्लॉपच्या पुढे गेली, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं. सर्व्हरना तो लोंढा पेलवेना, आणि घरात अडकलेल्या लोकांना ‘काम उपलब्ध नाही’ एवढंच दिसत राहिलं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सेटी ॲट होमने कामं वाटणं थांबवलं. हाती असलेल्या नोंदी तपासून झाल्या होत्या, आता निकालांचा अर्थ लावायचा होता. त्या दिवसांत काम मिळत नाही म्हणून बॉइंक पुन्हा पुन्हा टाकणाऱ्यांच्या संगणकात काहीच बिघडलेलं नव्हतं.

न ओरडणारी चूक

सर्नने २००४ मध्ये आपल्या पन्नाशीनिमित्त एलएचसी ॲट होम सुरू केलं. सिक्सट्रॅक हा त्यातला सुरुवातीचा मुख्य प्रोग्रॅम. सत्तावीस किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉन फिरवताना ते भिंतीला जाऊन धडकतील की वाटेवर राहतील, हे लाख ते दहा लाख फेऱ्या गणिताने फिरवून तो पाहायचा. प्रत्यक्ष यंत्रात प्रोटॉन सेकंदाला अकरा हजारांवर फेऱ्या मारतो, म्हणजे दहा लाख फेऱ्या हा जेमतेम दीड मिनिटाचा खेळ. पण गणित गोंधळप्रवण आहे: पहिल्या फेरीत सोळाव्या दशांश स्थळी फरक पडला तर लाखाव्या फेरीत कण भलत्याच ठिकाणी असतो.

निकाल येऊ लागले आणि जुळेनात. एका जातीच्या प्रोसेसरचं उत्तर वेगळं, दुसऱ्याचं वेगळं; विंडोजवर एक, लिनक्सवर दुसरं. एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. बेरीज, गुणाकार, भागाकार यांचं शेवटचं स्थळ कसं पुरं करायचं याचा आंतरराष्ट्रीय नियम होता. पण घातांक, लॉगॅरिदम, साइन अशा फलांना तो सक्तीचा नव्हता. प्रत्येक कंपनीचं गणिताचं ग्रंथालय शेवटचा बिट आपापल्या मर्जीने ठरवत होतं. सर्नचे एरिक मॅकिंटॉश यांनी या फरकांचा माग काढला. फ्रान्समधल्या ल्योंच्या गणितज्ञांनी, फ्लोरां द दिनेशॅं यांच्या गटाने, क्रलिबम नावाचं ग्रंथालय तयार केलं होतं; ते शेवटचा बिटही नेमकाच देतं. ते जोडल्यावर वेगवेगळ्या यंत्रांचे निकाल शेवटच्या अंकापर्यंत जुळू लागले. हौशी संगणकांच्या गर्दीमुळे जी गोष्ट उघडी पडली, ती एकाच महासंगणकावर काम केलं असतं तर कदाचित कधी दिसलीच नसती. एकट्याचं उत्तर नेहमी स्वतःशी जुळतंच.

ताडून पाहण्याच्या सवयीने खुद्द प्रोसेसर बनवणाऱ्यांनाही पकडलंय. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. वेगवेगळ्या संगणकांवरच्या बेरजा जुळेनात. महिनोन् महिने एकेक शक्यता खोडत त्यांनी दोष शोधला तो इंटेलच्या नव्या पेंटियम चिपमध्ये. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातल्या काही नोंदी गाळल्या गेल्या होत्या. चिपा बदलून देण्यापायी इंटेलने ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवला. जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे मिसुरीची ती विसरलेली संख्या सापडली त्याच महिन्यात, इंटेलला आणखी एक कबुली द्यावी लागली. प्राइम९५ च्या एका विशिष्ट आकाराच्या गणितात स्कायलेक जातीचे प्रोसेसर थिजून जातात, हे जिम्प्सच्या मंडळींनी दाखवून दिलं होतं. दुरुस्ती बायोसच्या अपडेटमधून आली.

म्हणून लाल अक्षरांतल्या एररचं फार दुःख करू नये. ओरडून पडलेला टास्क विज्ञानाचं नुकसान करत नाही. तो बाजूला पडतो, दुसऱ्याला जातो, आणि जाताना आपण का मेलो ते लिहून जातो. प्रकल्पाच्या लोकांना तो मजकूर फुकट मिळालेला तपासणी अहवाल असतो: अमुक ड्रायव्हर, तमुक विंडोज, इतकी मेमरी, इथे पडला. हजार संगणकांवरचे असे मजकूर एकत्र ठेवले की बगचा आकार दिसू लागतो. मदत मागताना म्हणूनच ‘चालत नाही’ एवढं सांगून भागत नाही. टास्कचं नाव, एक्झिट स्टेटस, यंत्राची माहिती, जोडीदाराचं काय झालं, आणि अलीकडे घरात काय बदललं, या पाच गोष्टी सांगितल्या तर निम्मं निदान तिथेच होतं.

वीजबिल आणि हिशेब

हे दान फुकटचं नाही. पूर्ण भाराखाली जुना डेस्कटॉप साधारण १०० वॅट ओढतो असं धरलं तर चोवीस तासांत २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम डोळ्यांत भरते, आणि युनिट वाढले की वरचा दर लागतो तो वेगळाच. रात्रीचे काही तास, पावसाळ्यात आणि थंडीत जास्त, मे महिन्यात बंद, असा कारभार शहाणपणाचा. लॅपटॉप पूर्ण वेळ राबवू नये, त्याची बॅटरी आणि पंखा दोन्ही लवकर जातात. २०१३ पासून बॉइंक अँड्रॉइड फोनवरही चालतं, आणि मुळात फोन चार्जिंगला आणि वायफायवर असेल तेव्हाच काम करतं. आणखी एक काळजी: सॉफ्टवेअर मूळ ठिकाणाहूनच घ्यायचं, आणि कार्यालयाच्या किंवा शाळेच्या संगणकावर लेखी परवानगीशिवाय टाकायचं नाही.

महाराष्ट्रात महासंगणक नाहीत असं नाही. १९९१ चा परम ८००० पुण्याच्या सी-डॅकमध्ये घडला. आयुकात लायगोच्या नोंदींसाठी ‘सारथी’ नावाचा संगणकसमूह आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतला एक महासंगणक पुण्यात दाखल झाला, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांनी टिपलेल्या नोंदींत क्षणिक रेडिओ स्फोट शोधायला. मग घरातल्या पीसीचं काम काय उरलं?

त्याचं उत्तर आइनस्टाइन ॲट होमच्या मूळ उद्दिष्टात आहे. २०१५ मध्ये टिपलेली लहर ही दोन कृष्णविवरांच्या धडकेची, क्षणभराची होती. आइनस्टाइन ॲट होम शोधतंय ती अखंड लहर. किंचित ओबडधोबड असलेला न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती फिरताना ती सतत सोडत राहील. ती इतकी क्षीण आहे की महिनोन् महिन्यांच्या नोंदी एकत्र करून चाळाव्या लागतात, आणि आकाशाची प्रत्येक दिशा, प्रत्येक वारंवारता, तिची प्रत्येक घट स्वतंत्र तपासावी लागते. धुरंधर, बद्री कृष्णन, हिमान मुखोपाध्याय आणि जॉन व्हेलन यांनी २००८ मध्ये अशा लहरींसाठी दोन वेधशाळांच्या नोंदी एकमेकींशी ताडायची एक पद्धत मांडली. शोधाची जागा इतकी अफाट आहे की कुठलाही महासंगणक तिला पुरत नाही. म्हणून लाखो घरांच्या दारात जावं लागलं.

अशी लहर अजून सापडलेली नाही. वीस वर्षं आणि असंख्य टास्क यांचं फलित म्हणजे एका अर्थी ‘नाही’ या शब्दाचा ढीग. पण त्या नाहीतूनच शास्त्रज्ञ मर्यादा काढतात: इतक्या अंतरावरचा, या वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा इतक्याहून जास्त ओबडधोबड असता तर त्याची लहर आपल्याला दिसली असती, दिसली नाही, म्हणजे तो तेवढा गुळगुळीत आहे. अणूंच्या गर्भापेक्षाही दाट पदार्थाबद्दल त्यातून काहीतरी नक्की कळतं. हे विधान टिकायचं तर ‘सापडलं नाही’ म्हणणारा प्रत्येक संगणक त्या वेळी शुद्धीवर होता, याची खात्री लागते. तापलेल्या प्रोसेसरचं, मळलेल्या रॅमचं ‘नाही’ चालत नाही. बुवापाड्यातल्या पीसीने दिलेलं ‘नाही’ परक्या देशातल्या दुसऱ्या पीसीच्या ‘नाही’शी जुळतं, तेव्हा ते निरीक्षण होतं आणि निबंधात जातं. जुळलं नाही तर तिसऱ्याकडे जातं, आणि आपल्याला डबा उघडून धूळ काढावी लागते.